आधी पंप बदलू नकोस, बाय

साखळी

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

फोन ठेवल्यावर परत फोन करणार होतो, पण तू एक सांगतेस, मी भलतंच विचारतो आणि मध्येच काणकोणची रेंज जाते. म्हणून लिहूनच पाठवतो. कागद हातात असला म्हणजे गॅरेजमध्ये फिटरच्या पुढ्यात धरता येईल.

तू सांगितलंस ते मला असं कळलं. नारळाचा लोड घेऊन करमल घाट चढताना तुझी डिझेलची गाडी आधी ओढायची थांबते, मग झटके खाते आणि बंद पडते. थोडा वेळ उभी केली की एका सेल्फात चालू होते आणि बाळ्ळीपर्यंत कुरकूर करत नाही. फिटरने स्कॅनर लावला, पी ००८७ हा कोड आला आणि त्याने डिझेलच्या पंपासकट इंजिनात डिझेल फवारणारे चारही इंजेक्टर बदलायला लिहून दिले.

कोड खोटा नाही. रेलमधलं, म्हणजे पंपाकडून इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या जाड नळीतलं प्रेशर हवं तेवढं होत नाही, एवढंच तो सांगतो. ते कोणामुळे पडलं हे त्याला ठाऊक नसतं. मोटारीच्या चाकात दोन-अडीच बार हवा असते; हिच्या रेलमध्ये आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, साधारण २५०-३०० बार असतं आणि लोडवर हजाराच्या वर जातं. एवढं प्रेशर करणाऱ्या पंपाला मागून डिझेलच पुरेसं आलं नाही तर तो काय करणार? नळाला पाणी नाही म्हणून कोणी उठून आधी नळ बदलत नाही. टाकीपासून सुरुवात करायची, आणि फुकटात होतं ते आधी बघायचं.

पहिलं हे की गाडी मरते कशी. झटके खात, दम तोडत मरते तेव्हा बहुतेक डिझेलची उपासमार असते. चावी फिरवल्यासारखी फट्‌दिशी बंद झाली, गाडी गिअरमध्ये पुढं सरकत असतानाच आरपीएमचा काटा शून्यावर आला, तर इंजिनाचं फिरणं मोजणाऱ्या क्रँक सेन्सरकडे बघायचं. तापला की मरायचा आणि निवला की जिवंत व्हायचा हा त्याचा स्वभावच आहे. तुझी गाडी झटके खाते म्हणतेस, म्हणून मी सेन्सर बाजूला ठेवतो. तरी पुढच्या वेळी काट्यावर नजर ठेव.

आता तुझ्या बोलण्यातली दोन वाक्यं मला महत्त्वाची वाटली. थोडा वेळ उभी केली की चालू होते, हे एक. टाकीत गाळ असला तर तो ओढीबरोबर आतल्या जाळीवर जाऊन चिकटतो, इंजिन बंद झालं की सुटून खाली बसतो, आणि रस्ता मोकळा होतो. दुसरं कारण टाकीचा श्वास कोंडण्याचं. डिझेल खाली जाईल तशी टाकीत हवा यायला हवी. ब्रीदरची नळी बुजली तर आत पोकळी होते आणि पंपाला डिझेल ओढवत नाही. हे ओळखायला पैसा लागत नाही. बंद पडल्या पडल्या झाकण उघड. सूं करून हवा आत गेली आणि गाडी लगेच चालू झाली तर चोर सापडला. त्या नळीच्या तोंडाशी लाल माती थापलेली असते ती रस्त्याचीच असं समजू नकोस. एका गाडीत मी काडी घालून काढली तर आत कुंभारमाशीचं घर, गुळगुळीत लिंपलेलं, त्यात वाळलेला कोळीसुद्धा.

दुसरं वाक्य तू हसत हसत बोलून गेलीस. चवथीच्या आधी पेट्रोल पंपावर गर्दी होती म्हणून जावईबापूंनी बागेच्या पंपाच्या इंजिनासाठी ठेवलेल्या कॅनमधलं डिझेल गाडीत ओतलं. तो कॅन सगळा पावसाळा शेडमध्ये होता ना? माझे कान तिथंच टवकारले. जावईबापूंना काही बोलू नकोस, पण त्या डिझेलात पाणी असणार अशी माझी जवळजवळ खात्री आहे.

तर हे कर. गाडी रात्रभर सपाट जागी उभी असू दे. सकाळी सेल्फ मारायच्या आधी फिल्टरखालचा नट सैल करून कपभर डिझेल काचेच्या स्वच्छ बाटलीत काढ आणि ती खिडकीत ठेव. पाणी जड, ते खाली बसतं. मध्ये सरळ रेघ दिसते. त्या रेघेवर काळपट, शेवाळासारखं बुळबुळीत काही तरंगत असेल तर नुसता फिल्टर बदलून भागणार नाही. पाणी आणि डिझेल जिथं टेकतात तिथं जंतू वाढतात, त्यांचाच तो साका. मग टाकी उतरवून, धुऊन, जाळी साफ करूनच पुढं जायचं, नाहीतर नवा फिल्टर आठवड्यात बुजतो.

२०१२ साली खाणी बंद झाल्या तेव्हा आपल्या साखळी-डिचोलीकडे घराघरांच्या दारात ट्रक उभे राहिले, ते तुला आठवत असेल. अर्ध्या टाक्यांवर पावसाळे गेले. रिकाम्या भागातल्या दमट हवेचं रात्री पाणी होतं आणि तळाला साठतं. पुढं ते ट्रक चालू करायला घेतले तेव्हा इंजिनांना काही झालेलं नव्हतं, टाक्यांतून मात्र काकवी निघत होती. तू तर समुद्राजवळ राहतेस. रात्री टाकी भरलेली ठेवत जा.

पाणी निघालं नाही तर एअर, म्हणजे डिझेलच्या लाइनीत शिरलेली हवा. आपल्या गाडीच्या टाकीत वेगळा पंप नाही, इंजिनावरचा पंपच डिझेल ओढून घेतो. त्यामुळे त्या नळीला कुठं चीर असली तर डिझेल गळत नाही, उलट हवा आत जाते. खाली थेंब नाही म्हणून लाइन चांगली असं फिटर म्हणाला तर ऐकू नकोस. चासीवरून येणाऱ्या लोखंडी नळीला क्लिपखाली खाऱ्या हवेने गंज धरतो, तिथं बोट फिरवून बघ. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये डिझेलला टिकणारी पारदर्शक नळी लावायला सांग. बुडबुडे डोळ्यांना दिसतात. दिसले तर टाकीकडची लाइन सोडून ओढणारी नळी स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये घालून इंजिन चालव. बुडबुडे गेले तर खोट टाकीकडच्या लाइनीत, राहिले तर कॅनच्या पुढं, फिल्टरकडे. आणि टाकी फुल्ल करून त्याच लोडने तोच घाट एकदा चढ. चढली तर टाकीतल्या नळीचं तोंड चढावर उघडं पडत होतं.

एअर काढताना डिझेल हाताने ओढायचा हँड पंप कडक होईपर्यंत दाब. नुसता सेल्फ मारत राहू नकोस. इंजिनावरचा पंप डिझेलवरच वंगण घेतो. कोरडा फिरला की घासतो आणि त्याचा लोखंडी चुरा इंजेक्टरात जातो. तेव्हा मात्र फिटरचं बिल खरं ठरेल.

एक गोष्ट दटावून सांगतो. मी टिपरवर इंजेक्टरचा नट सैल करून एअर काढायचो, ते तू लहानपणी पाहिलं आहेस. या गाडीवर ते करायचं नाही, कोणाला करूही द्यायचं नाही. इंजिन चालू असताना त्या जाड लोखंडी नळ्यांच्या जवळ हात नेऊन गळती शोधायची नाही. ती धार कातडीतून आत घुसते. वरून टोचल्याएवढा ठिपका दिसतो आणि आत हात सडतो. असं कोणाला झालंच तर मलम लावत न बसता तडक मडगावच्या नाहीतर बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं.

हे सगळं करून कोड पुन्हा आला तरच इंजेक्टर. तेव्हाही चारही नाहीत. इंजेक्टरांतून उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या रिटर्नच्या नळ्या काढून चार लहान बाटल्यांत सोडायच्या, इंजिन थोडा वेळ आयडलला ठेवायचं. ज्याची बाटली बाकीच्यांपेक्षा भलतीच भरली तो झिजला. फिटर ही टेस्ट करायला टाळाटाळ करत असेल तर गाडी दुसरीकडे ने. बरा माणूस वाटतो, पण लिहून दिलेलं बिल आणि शोधलेला बिघाड यांत फरक असतो.

फिल्टर मडगावला डीलरकडूनच घे, बिलासकट. स्वस्त फिल्टरची रबरी सील जेमतेम बसते आणि तिथूनच एअर धरते.

बाटलीचा फोटो पाठव, उजेडाकडे धरून, म्हणजे रेघ दिसेल. तोवर लोड घेऊन घाटात जाऊ नकोस. नारळ दुसऱ्या कोणाच्या टेम्पोने मडगावला पाठव, भाडं मी देतो.

तुझा,
बाबा