भित्तिचित्रावर कुणी रंग फासला तर
सर्व सभासदांस सूचना : खरडलेलं, फवारलेलं दिसलं की लगेच पुसायला धावू नका. आधी मोजपट्टी शेजारी धरून, ऊन थेट पडत नसताना फोटो काढा. तक्रारीला आणि दुरुस्तीला तोच आधार. थिनर तर बाटलीतच राहू द्या. त्याने फवाऱ्याच्या रंगाबरोबर खालचा चित्राचा मूळ अ‍ॅक्रिलिक रंगही विरघळतो आणि चेहऱ्याचा चिखल होतो. वर मेणाचा संरक्षक थर असेल तर गरम पाण्याने तो वरच्या रंगासकट निघतो, मात्र नंतर पुन्हा द्यावा लागतो. थर नसेल तर कोपऱ्यात नाण्याएवढ्या जागेवर, ज्याने पुसणार त्यात भिजवलेला कापसाचा बोळा फिरवून बघा. बोळ्याला मूळ रंग लागला की थांबा. मार्करवर थेट रंग मारू नका, शाई वर येते. चेहरे आणि नावं मूळ चित्रकाराला विचारूनच दुरुस्त करावीत. वस्ती चित्र ओळखते ती त्यांवरूनच.