बाबांकडे एक काम आहे

ब्रागा, पोर्तुगाल
१४ जानेवारी २०२५

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

तिळगूळ मिळाला. नोकरी, घर, जेवण सर्व नेहमीसारखे असल्यामुळे त्याविषयी लिहीत नाही.

शनिवारी मी ज्या अफगाण मुलांकडे जाते, त्यांच्यातील एकीच्या रबाब या तंतुवाद्याचे कातडे येथील पावसाळी हवेने सैल पडले आहे. कातड्यावरची, तारा पेलणारी घोडी खाली बसल्यामुळे तारा पडद्यांना टेकतात आणि तरफा, म्हणजे खालच्या आपोआप झंकारणाऱ्या तारा, तर बोलतच नाहीत. तुतीच्या अखंड लाकडातून कोरलेल्या या वाद्यावर बकऱ्याचे कातडे ताणलेले असते. आपल्या घरी सगळा जन्म सतार-तंबोऱ्यांच्या भोपळ्यांत गेल्यामुळे मला त्यातले काही कळत नाही. दुकानात कोणी सरोद घेऊन आला, त्यालाही कातडेच असते, की तुम्ही नेमके काय करता? ऊब दिली तर भागेल, की कातडे बदलावेच लागेल? कृपया सविस्तर कळवा.

आई, “त्या लोकांत कशाला जातेस” असे तू दोनदा विचारलेस. ही मुले काबूलच्या राष्ट्रीय संगीत संस्थेची आहेत. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानने काबूल घेतल्यावर तेथील विद्यार्थी, शिक्षक आणि इतर मंडळी मिळून २७३ जण दोहामार्गे या देशात आले. संस्थापक अहमद सरमस्त २०१४ मधील आत्मघाती हल्ल्यात जखमी झाले होते, तरी त्यांनी काम सोडले नाही आणि आता तीच संस्था ते येथून चालवतात. गेल्या ऑगस्टमध्ये त्यांचा वाद्यवृंद अमेरिकेत कार्नेगी हॉलमध्ये वाजवून आला. यात भिण्यासारखे काय आहे, ते तूच सांग. उलट, २०२३ च्या जुलैमध्ये अफगाणिस्तानातील हेरातला तालिबानने जप्त केलेल्या वाद्यांची जी होळी झाली, तिच्यात पेटी आणि तबलाही होता. हे वाचल्यावर मिरजेच्या मुलीने घरात स्वस्थ बसावे, असे तुलाही वाटणार नाही.

रबाबवाल्या या मुलीची आई काबूललाच आहे. बायकांचा आवाजही चारचौघांत ऐकू येऊ नये, असा कायदा तेथे मागच्या वर्षी झाला. त्यावर तेथील कित्येक बायकांनी तोंड झाकून गाणी म्हटली आणि त्यांच्या चित्रफिती जगभर पाठवल्या. हिची आई गात नाही. मुलगी फोनवर वाजवते, तेव्हा ती खिडक्या लावून, फोन रजईत घेऊन ऐकते आणि मधूनच “पुन्हा” एवढेच म्हणते.

एक गंमत मात्र सांगायलाच हवी. कोइम्ब्रा नावाच्या विद्यापीठाच्या गावी फादो नावाचे गाणे काळे झगे घातलेले पुरुष गातात, आणि ते आवडले तर श्रोते टाळ्या न वाजवता खाकरतात. खोकला झालेला नसतो, कोणी रागावलेलेही नसते. घसा साफ केल्यासारखा आवाज काढायचा, हीच तेथली दाद. लिस्बनला मात्र टाळ्याच वाजवतात, म्हणजे सगळ्या देशाची ही रीत आहे असेही नाही. ती मुलगी आणि मी गेलो तेव्हा सभोवती सगळे खाकरू लागताच तिने माझा हात घट्ट धरला, कारण गाणे आता बंद पाडणार, असे तिला वाटले. मी समजावून सांगितल्यावर तीही खाकरली, आणि पुढच्या प्रत्येक गाण्याला सर्वांत मोठ्याने.

आता घरचे. दुकानाचा पुढचा भाग भाड्याने देण्याचा विचार आहे, असे दादाने कळवले. कृपया देऊ नका. या महिन्यापासून मी पाच हजार रुपये जास्त पाठवीन. मला येथे फारसा खर्च नाही. सांगलीच्या स्थळाचा फोटो पाहिला. मुलगा चांगला दिसतो, मी नाही म्हटलेले नाही, फक्त मार्चमध्ये यायचे जमत नाही. नवरोजच्या, म्हणजे या मुलांच्या नववर्षाच्या, कार्यक्रमासाठी वाद्ये लावून द्यायचे मी कबूल केले आहे. बाबांचे मोतीबिंदूचे ऑपरेशनही तेव्हाच आहे, हे मला माहीत आहे. दादा-वहिनी जवळ आहेत, त्यामुळे काळजी नाही. मे महिन्यात नक्की येते. त्या मंडळींना तोवर थांबायला सांगावे, आणि थांबणार नसतील तर तसे मोकळेपणाने कळवावे.

तुमची,
धाकटी