तक्रार : दोष वायरच्या जोडात, बदलला सेटटॉप बॉक्स, निम्मे चॅनल बंदच राहिले

दिनांक : १८ नोव्हेंबर २०२४
मालवण, जि. सिंधुदुर्ग

प्रति,
मा. नोडल अधिकारी,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय : डीटीएच जोडणीवर २ जुलैपासून निम्मे चॅनल बंद असणे, तीन भेटींनंतरही दोष न काढणे आणि गरज नसताना बॉक्स बदलून पैसे घेणे याबाबत.

महोदय / महोदया,

सप्रेम नमस्कार. ग्राहक क्रमांक, तिन्ही भेटींच्या पावत्या आणि तक्रारींचे डॉकेट क्रमांक सोबत जोडले आहेत. हे पत्र ग्राहक सेवेच्या फोनवर पुन्हा वाचून दाखवण्यासाठी नाही. ते तांत्रिक विभागाच्या माणसाने वाचावे, अशी विनंती आहे, कारण दोष कुठे आहे ते मोजून खाली लिहिले आहे.

लक्षण असे. काही चॅनल स्वच्छ दिसतात, काही अजिबात दिसत नाहीत. ट्रान्सपाँडर म्हणजे उपग्रहावरचा, काही चॅनल एकत्र पाठवणारा प्रक्षेपक. त्याच्या लहरी उभ्या किंवा आडव्या असतात, तेच पोलरायझेशन. दिसत नाहीत ते सगळे आडव्या पोलरायझेशनच्या ट्रान्सपाँडरवरचे आहेत, उभ्याच्या एकाही चॅनलला त्रास नाही. बॉक्सच्या सिग्नल पानावर उभ्या ट्रान्सपाँडरला स्ट्रेंग्थ ८६ आणि क्वालिटी ७२ दिसते. आडव्याला स्ट्रेंग्थ ८५ आणि क्वालिटी शून्य. त्रास सकाळी सर्वांत जास्त असतो. कडक ऊन पडलेल्या दिवशी दुपारी बारानंतर बंद चॅनल आधी चौकोन चौकोन होऊन आणि मग नीट येतात, संध्याकाळी दव पडू लागले की परत जातात.

आपल्या माणसांनी स्ट्रेंग्थचा पट्टा भरलेला पाहिला आणि प्रत्येक वेळी "सिग्नल फुल आहे, बॉक्समध्ये प्रॉब्लेम आहे" असे सांगितले. सगळी गल्लत इथेच झाली आहे. स्ट्रेंग्थ म्हणजे वायरीतून बॉक्सपर्यंत किती ऊर्जा येते ते. ती कुठल्या ट्रान्सपाँडरची आहे, कामाची आहे की नुसता गोंगाट आहे, हे त्या पट्ट्याला कळत नाही. हव्या त्या ट्रान्सपाँडरचा मजकूर बिनचूक उलगडतो आहे का, ते क्वालिटी सांगते. स्ट्रेंग्थ ८५ आणि क्वालिटी शून्य याचा अर्थ एलएनबी (छत्रीसमोर बसवलेला, सिग्नल घेऊन वायरीत पाठवणारा डबा) चालू आहे, वायर तुटलेली नाही, पण बॉक्स मागतो ते एलएनबी पाठवत नाही.

का पाठवत नाही, तेही सरळ आहे. एलएनबीला उभे की आडवे हे बॉक्स त्याच वायरीतून व्होल्टेज देऊन सांगतो, १३ व्होल्ट दिले तर उभे आणि १८ दिले तर आडवे. १८ ऐवजी वर १४ च्या आसपासच पोचले, तर एलएनबी उभ्यावरच बसून राहतो. बॉक्स आडवा चॅनल शोधतो आणि त्याला उभ्याचा भरघोस सिग्नल मिळतो. म्हणून स्ट्रेंग्थ भरलेली आणि क्वालिटी शून्य.

मोजमाप ७ नोव्हेंबरला सकाळी साडेसातला केले, आडवा चॅनल लावून, एलएनबी जोडलेला आणि चालू ठेवून. बॉक्सच्या मागे १८.३ व्होल्ट. पश्चिमेच्या भिंतीवर पागोळीखाली वायरीला जो जोड आहे, त्याच्या बॉक्सकडच्या बाजूला १७.९. त्याच जोडाच्या छत्रीकडच्या बाजूला १४.६. एलएनबीपाशी १४.३. अख्ख्या ३८ मीटर वायरीत मिळून पाऊण व्होल्टही पडत नाही आणि बोटभर जोडात ३.३ व्होल्ट पडतात. एलएनबी त्या वेळी १५० मिलिअँपिअर घेत होता, म्हणजे जोडाचा रोध २२ ओहम झाला. चांगल्या जोडात तो एक ओहमही नसतो.

२१ ऑगस्टला आलेल्या आपल्या माणसानेही मीटर लावला होता, ही गोष्ट चांगलीच. पण त्याने पिन एलएनबीपासून सोडवून मोकळ्या टोकावर मोजले आणि १८ व्होल्ट आले म्हणून वायर ठीक ठरवली. प्रवाहच वाहत नसेल तर गंजलेल्या जोडातही व्होल्टेज पडत नाही. मोकळ्या टोकावर १८ दिसणारच. एलएनबी जोडलेला असताना, टी-जोड (वायर जोडलेली ठेवून मोजता येणारा तीन तोंडी जोड) लावून मोजले तरच खरा आकडा कळतो. प्रशिक्षणात एवढी एक गोष्ट पक्की शिकवली, तरी कोकणपट्टीतल्या पुष्कळशा फेऱ्या वाचतील.

तो जोड उघडून पाहिला. बाहेरून साधी काळी पीव्हीसी टेप, तिचा गोंद उन्हाने वितळून तेलकट झालेला. टेप सोडवताच आतून पाण्याचा थेंब ओघळला. पिनेच्या आत जाळीच्या तारांची हिरवट पूड झाली होती आणि मधली तार टोकाशी तांबूस-काळी पडून सुईसारखी बारीक झाली होती. त्या तारेला लोहचुंबक लावला तर ती चिकटते. म्हणजे ती अख्खी तांब्याची नाही, लोखंडावर तांब्याचा मुलामा दिलेली आहे. अशी तार सिग्नलला चालते, कारण एवढ्या वरच्या फ्रिक्वेन्सीचा प्रवाह तारेच्या पृष्ठभागावरूनच जातो. पण टोकाचा मुलामा उडाला आणि त्याला खारा वारा व पाणी लागले की लोखंड गंजते आणि एलएनबीचा वीजपुरवठा तिथेच अडतो. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर हे व्हायला दोन पावसाळे पुरतात. हा जोड मुळात तिथे नकोच होता. छत्री बसवताना दहा मीटरच्या वरच्या २८ मीटर वायरीचे वेगळे पैसे घेतले होते आणि तरीही २४ आणि १४ मीटरचे दोन तुकडे जोडले, तेही नेमके पागोळीच्या धारेखाली.

खात्रीसाठी आणखी दोन गोष्टी करून पाहिल्या. आपण बदलून दिलेला बॉक्स आणि छोटा टीव्ही गच्चीवर नेऊन १५ मीटरची दुसरी सलग वायर थेट एलएनबीला लावली. सकाळी आठला, भर दवात, उभ्याची क्वालिटी ७४ आणि आडव्याची ७३ आली. सगळे चॅनल लागले. छत्री, एलएनबी आणि बॉक्स तिन्ही धडधाकट असल्याचे यावरून ठरते. तसेच हा बॉक्स वाडीतल्या आपल्याच दुसऱ्या एका ग्राहकाकडे लावला, तिथेही सगळे चॅनल आले.

आता आपल्याकडून वेळोवेळी मिळालेली कारणे. "पावसाने सिग्नल जातो" हे जुलैत सांगितले. केयू बँडचा, म्हणजे डीटीएच छत्रीवर येणाऱ्या लहरींचा, सिग्नल मुसळधार पावसात क्षीण होतो हे खरे आहे. पण त्यात दोन्ही पोलरायझेशनना फटका बसतो, क्वालिटी हळूहळू उतरते आणि सर ओसरली की पाच-दहा मिनिटांत चित्र परत येते. उभ्याचे ७२ आणि आडव्याचे शून्य असे पाऊस करत नाही. त्याच गच्चीवर शेजारी डीडी फ्री डिशची छत्री आहे, ती त्या वेळी चालू होती.

"माड आड येतो" हे ऑगस्टचे कारण. आपल्या माणसाने छत्रीच्या तोंडासमोर उभे राहून सरळ बोट दाखवले. ही ऑफसेट छत्री आहे. ती जिकडे बघते आहे असे वाटते त्याच्या वीस-पंचवीस अंश वरून सिग्नल घेते. कोकणातून पाहिले तर आपल्या देशातल्या डीटीएच सेवांचे उपग्रह आग्नेय आकाशात साधारण ४५ ते ७० अंश उंचीवर असतात. दहा मीटर अंतरावरचा माड आड यायला त्याचा शेंडा छत्रीच्या पातळीपेक्षा निदान दहा मीटर वर हवा. तो माड छत्रीपेक्षा जेमतेम तीन मीटर उंच आहे. तरीही त्या दिवशी माड चुकवायला म्हणून छत्री हलवली गेली आणि उभ्याची क्वालिटी ७२ वरून ५५ वर आली. खांबावरच्या जुन्या खुणेवर ती परत आणून बसवावी लागली.

२६ ऑक्टोबरला फोनवर "सन आउटेज" हे कारण मिळाले. सूर्य उपग्रहाच्या मागे येण्याचा तो प्रकार आपल्या भागात मार्चच्या मध्याच्या सुमारास आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला होतो. रोज काही मिनिटे, काही दिवस, आणि सगळ्याच चॅनलवर. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातल्या तासन्‌तासच्या त्रासाला ते लागू पडत नाही. "हेवी रिफ्रेश" तर सहा वेळा पाठवला गेला. रिफ्रेशने चॅनलची परवानगी नव्याने येते. परवानगी गेली असती तर पडद्यावर चॅनल घेतलेला नाही असा संदेश आला असता. इथे "सिग्नल उपलब्ध नाही" येते. कार्ड काढून पुसून परत घालायला लावण्याचेही तेच.

२६ ऑक्टोबरलाच दुपारी दीड वाजता माणूस आला. त्या वेळी जोड सुकलेला होता. त्याने बॉक्स बदलला, चॅनल दिसले आणि "ट्यूनर गेला होता" असे लिहून १,४०० रुपये घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच चॅनल पुन्हा बंद होते.

त्या मुलांवर राग नाही. दिवसाला इतक्या भेटी उरकायच्या आणि शिडी न लावता निघायचे, असेच काम त्यांच्याकडून करून घेतले जात असेल तर ती भिंतीवरचा जोड उघडणार कधी? पण त्या घाईचे पैसे ग्राहकाने का भरावेत?

मागण्या अशा आहेत. एलएनबीपासून बॉक्सपर्यंत ३८ मीटरची एकसलग आरजी-६ वायर (छत्रीसाठी वापरतात ती गोल केबल) घालून मिळावी, मधली तार पूर्ण तांब्याची, वाटेत एकही जोड नसलेली. आपल्याच माणसाने केलेल्या जोडामुळे दोष आला असल्याने ती विनाशुल्क हवी. दोन्ही टोकांना पिळून बसवायच्या पिना नकोत, दाबयंत्राने बसवलेल्या कॉम्प्रेशन पिना हव्यात. मधली तार पिनेच्या कडेबाहेर दोन-तीन मिलिमीटर राहावी आणि जाळीचा एकही केस तिला टेकू नये. एलएनबीच्या पिनेवर रबरी टोपी, तिच्यावर स्वतःत मिसळणारी रबर टेप, आणि वायर घरात शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ, म्हणजे पाणी वायरीवरून आत न येता झोळावरून गळून जाईल. पागोळीची जागा टाळून वायर पूर्वेच्या भिंतीवरून आणता येते, लांबी तेवढीच भरते. काम झाल्यावर उभ्या आणि आडव्या अशा दोन्ही ट्रान्सपाँडरचे स्ट्रेंग्थ व क्वालिटीचे आकडे आणि एलएनबी जोडलेला असतानाचे व्होल्टेज पावतीवर लिहून सही करून द्यावे.

तीन भेटींचे प्रत्येकी २५० प्रमाणे ७५० आणि बॉक्सचे १,४००, असे एकूण २,१५० रुपये परत मिळावेत. २ जुलैपासून आजपर्यंतच्या १३९ दिवसांत रिचार्ज पूर्ण भरला आहे, बंद राहिलेल्या चॅनलच्या प्रमाणात ती रक्कम खात्यावर जमा व्हावी. या पत्राला नवा डॉकेट क्रमांक मिळावा. जुनी तक्रार "निराकरण झाले" असा संदेश पाठवून आपल्याकडून दोनदा बंद केली गेली, तसे पुन्हा होऊ नये. पंधरा दिवसांत काम झाले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे लागेल. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर १९१५ या क्रमांकावर नोंद त्याआधी केली जाईल. मोजमापाचे फोटो आणि कापून ठेवलेला गंजलेला तुकडा जपून ठेवला आहे.

माणूस सकाळी नऊच्या आत पाठवावा, दुपारी जोड सुकतो आणि दोष दिसत नाही. सध्या त्या जागी तात्पुरती नवी पिन आहे, पण मीटर लावून पाहता यावे म्हणून जुना जोड परत बसवता येईल असा ठेवला आहे. बारा फुटी शिडी घरी आहे. दाबयंत्र आणि ४० मीटरचे न कापलेले बंडल त्याने सोबत आणावे.

कळावे,
आपला ग्राहक

सोबत : पावत्या ३, डॉकेट क्रमांकांची यादी, मोजमापाचे फोटो ६