खुब्याचे दुखणे: आधी बोट कुठे ठेवता ते पाहा

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

खुब्याच्या दुखण्यावर कायरोप्रॅक्टिक (मणके आणि सांधे हाताने दाबून वा झटका देऊन करायचा उपचार) आणि समग्र उपचार कसे गुणकारी ठरतात, याविषयी आपल्या रविवारच्या आरोग्य पुरवणीत आलेला लेख मी इथे बडोद्यात मोबाइलवर दोनदा वाचला. लेखकाने हाताने करायच्या उपचारांविषयी जिव्हाळ्याने लिहिले आहे, आणि वर्षानुवर्षे वेदनाशामक गोळ्यांवर ढकलल्या जाणाऱ्या दुखण्याकडे शरीर, झोप, आहार आणि मन यांचा एकत्र विचार करून पाहावे, हे त्यांचे म्हणणे मला मनापासून पटते. मात्र एक गोष्ट त्या लेखात राहून गेली आहे, आणि तीच ठाऊक नसल्यामुळे आमच्या घरातील एका माणसाचे पाच महिने वाया गेले, म्हणून हे पत्र लिहीत आहे. दुखणे नेमके कोणत्या जागी आहे आणि कशामुळे आहे हे ठरण्यापूर्वी आपला सांधा कोणाच्याही हाती देऊ नये, ती ही गोष्ट.

आपण मराठी माणसे पोटाखाली आणि मांडीच्या वर जे काही दुखेल त्याला सरसकट ‘कंबर’ म्हणतो. खुबा हा शब्द आमच्या आजीच्या तोंडी असे, पण तोही कोणी न्हाणीघरात पडून हाड मोडले तरच निघे. त्यामुळे ‘कंबर दुखते’ म्हणणाऱ्या तीन बायकांना दुखरी जागा एका बोटाने दाखवायला सांगितले, तर त्या तीन निरनिराळ्या जागा दाखवतात. जिचे बोट जांघेत जाते, तिचा बहुधा खुद्द खुब्याचा सांधा दुखत असतो. जी मांडीच्या वरच्या बाहेरच्या उंचवट्यावर हात ठेवते आणि त्या कुशीवर झोपवत नाही म्हणते, तिच्या त्या जागी स्नायूंचे कंडरे, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे चिवट दोर, दुखावलेले असण्याचा संभव अधिक असतो. आणि जिचे दुखणे ढुंगणाच्या मागून निघून पोटरीपर्यंत उतरते, तिचे मूळ पुष्कळदा खुब्यात नसून पाठीच्या मणक्यापाशी असते. याला अपवाद असतात, आणि खुब्याच्या सांध्याचे दुखणे कधी कधी केवळ गुडघ्यातच जाणवते. तरीही बोट कुठे जाते हा पहिला प्रश्न वगळून पुढे जाणारा उपचार मला अंधारात चाचपडण्यासारखा वाटतो.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सांध्यांचे आठ प्रकार सांगितले आहेत आणि काख, वंक्षण (म्हणजे जांघ) व दात यांच्या ठिकाणच्या सांध्यांना तेथे उलूखल, म्हणजे उखळ, म्हटले आहे. मांडीच्या हाडाचा गोल माथा कटीच्या हाडातील खोल वाटीत बसलेला असतो, हे यापेक्षा नेमक्या शब्दांत सांगता येणार नाही. चालताना या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीन पट भार येतो. एवढा खोल आणि एवढ्या जाड स्नायूंनी वेढलेला सांधा निरोगी माणसात सहजासहजी ‘सरकत’ नाही, आणि सरकलाच तर माणूस चालत उपचाराला येऊ शकत नाही.

माझे स्वतःचे दुखणे दुसऱ्या प्रकारचे होते. मी निवृत्त शिक्षिका आहे, वय सहासष्ट. आमच्या वाड्याच्या ओसरीवर पितळी कड्यांचा झोपाळा आहे. दुपारचे जेवण झाले की उजवा पाय डाव्या मांडीवर टाकून त्यावर बसायचे आणि डाव्या पायाच्या अंगठ्याने जमिनीला रेटा द्यायचा, ही माझी चाळीस वर्षांची सवय. मागील नवरात्रात नातीच्या आग्रहावरून तीन रात्री अनवाणी गरबा खेळले आणि चौथ्या दिवसापासून उजव्या कुशीवर वळता येईना. एका मैत्रिणीने मोबाइलवर चित्रफीत पाठवली, तिच्यात मान आणि पाठ कटकट वाजताच रुग्ण हसत उठून उभा राहत होता. मी तशाच एका केंद्रात गेले. दुखते कुठे असे कोणी विचारले नाही. मला पालथे झोपवून दोन्ही टाचा एकमेकींजवळ धरण्यात आल्या, उजवा पाय आखूड आहे व कटीचे हाड सरकले आहे असे सांगण्यात आले आणि बारा बैठकांचे पैसे आगाऊ भरून घेण्यात आले. खुब्याच्या दुखण्यासाठी माझी मानही झटक्याने फिरवण्यात आली, तेव्हा मात्र मी घाबरले. मानेच्या अशा झटक्याने क्वचित प्रसंगी मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून फाटू शकते, हे मला नंतर कळले.

पहिल्या बैठकीनंतर दोन दिवस खरोखर हलके वाटले, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तो ‘कट्’ आवाज हाड जागेवर बसल्याचा असतो असे मला वाटत होते. प्रत्यक्षात सांध्यातील द्रवावरचा दाब एकाएकी कमी झाला की त्यात वायूची पोकळी तयार होते आणि आवाज येतो. बोटे मोडताना येतो तोच हा आवाज. त्यानंतर स्नायू काही काळ सैल पडतात, दुखणे दबते, आणि माणसाला बरे वाटते. हे बरे वाटणे खोटे नसते, पण माझा कंडरा त्यामुळे बरा झाला नव्हता आणि तिसऱ्या दिवशी उजवी कूस पूर्ववत दुखू लागली.

पुढे ज्या फिजिओथेरपिस्ट ताईंकडे मी गेले, त्यांनी पहिला अर्धा तास मला हातही लावला नाही. मी कशी बसते, कशी उभी राहते, रात्री पाय कुठे असतात, हे त्या विचारत राहिल्या. झोपाळ्यावर पायावर पाय टाकणे बंद, एका पायावर भार देऊन ओट्यापाशी उभे राहणे बंद, झोपताना दोन्ही गुडघ्यांमध्ये जाड उशी. मी रोज श्रद्धेने गोमुखासन करीत होते, तेही त्यांनी काही महिने थांबवले, कारण मांडी आत ओढली गेली की बाहेरचा कंडरा हाडावर अधिकच दाबला जातो. मग हळूहळू वाढवत नेलेले, नितंबाच्या स्नायूंना बळ देणारे चार व्यायाम. ऑस्ट्रेलियात २०४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत याच दुखण्यासाठी आठ आठवड्यांनी पाहिले, तेव्हा समजावणी आणि व्यायाम दिलेल्यांपैकी सुमारे ७७ टक्के, स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ५८ टक्के आणि नुसती वाट पाहणाऱ्यांपैकी २९ टक्के लोकांना चांगला उतार पडला होता. मला अकरा आठवडे लागले. आता मी उजव्या कुशीवर झोपते.

आता धाकट्या दिरांविषयी. भाऊजींना बोट ठेवायला कोणी सांगितले असते, तर ते थेट जांघेत गेले असते. मोजे घालताना पाय वर उचलला जाईना, रिक्षातून उतरताना ते दाराची दांडी धरून क्षणभर थांबत. घरात सगळे म्हणाले, ‘कंबर धरली आहे.’ पाच महिने ओळखीच्या एका मालिशवाल्याकडे तेल, ओढणे आणि पिळणे चालले. प्रत्येक वेळी ‘आता बसली’ असे उत्तर मिळे. शेवटी एमआरआय काढला, तेव्हा मांडीच्या हाडाच्या माथ्याचा रक्तपुरवठा तुटून तो भाग निर्जीव झाल्याचे आणि एका बाजूने खचू लागल्याचे दिसले. कोविडच्या वेळी त्यांना स्टेरॉइडचे बरेच डोस द्यावे लागले होते. स्टेरॉइडमुळे आणि अतिमद्यपानामुळे हा विकार होऊ शकतो हे वैद्यकाला पूर्वीपासून ठाऊक आहे. कोविडनंतर असे रुग्ण आल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्येच प्रसिद्ध केली होती. या विकारात सुरुवातीला साधा एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो, म्हणून लवकर निदानासाठी एमआरआय लागतो. माथा खचण्यापूर्वी कळले, तर हाडात छिद्र पाडून आतील दाब कमी करण्याची लहान शस्त्रक्रिया करून सांधा वाचवण्याचा प्रयत्न तरी करता येतो. खचल्यानंतर बहुतेक वेळा सांधा बदलण्यावाचून गत्यंतर राहत नाही. मालिशवाल्याने मुद्दाम वाईट केले असे मी म्हणणार नाही, त्याला माहीत नव्हते. पण माहीत नसताना तो ‘बसली’ म्हणत राहिला आणि आम्ही ऐकत राहिलो, याचे दुःख मला आजही आहे.

हाताच्या उपचारांवर माझा राग नाही, हे बडोद्याच्या माणसाला वेगळे सांगावे लागू नये. राजरत्न प्रो. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराचे हे गाव. व्यायामाबरोबर हाड बसवण्याच्या विद्येसाठीही माणिकराव ओळखले जात, आणि माझे वडील त्यांचे नाव घेताना हात जोडत. गुजरातीत ‘हाडवैद’ हा शब्द आदरानेच वापरला जातो. कायरोप्रॅक्टिकही काल-परवाचे नव्हे. १८९५ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यात डॅव्हनपोर्ट येथे डी. डी. पामर यांनी त्याची सुरुवात केली. कॅन्सस राज्याने १९१३ मध्ये पहिल्यांदा त्यासाठी परवान्याचा कायदा केला आणि लुइझियाना राज्याने सर्वांत शेवटी, १९७४ मध्ये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ मधील मार्गदर्शक सूचनांत या विद्येच्या पूर्ण शिक्षणासाठी किमान ४२०० तासांची अपेक्षा आहे, आणि कोणत्या रुग्णावर झटक्याचे उपचार करू नयेत याचीही सविस्तर यादी आहे. आपल्या देशात मात्र या व्यवसायासाठी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही, त्यामुळे ४२०० तास शिकलेला आणि चित्रफिती पाहून शिकलेला यांच्या दारावरची पाटी सारखीच दिसू शकते. फिजिओथेरपीला निदान २०२१ च्या केंद्रीय कायद्यात स्थान मिळाले आहे.

आपल्या लेखात खुब्याच्या झिजेवर हाताचे उपचार ‘सिद्ध’ झाल्याचे म्हटले आहे. तो शब्द मला घाईचा वाटतो. २००४ मध्ये नेदरलँड्समध्ये १०९ रुग्णांवर झालेल्या चाचणीत हाताने सांधा सैल करण्याचे उपचार घेतलेल्यांपैकी ८१ टक्के आणि केवळ व्यायाम केलेल्यांपैकी ५० टक्के लोकांना बरे वाटले, हे खरे आहे. पण २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियात १०२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत हाताचे उपचार, व्यायाम आणि सल्ला यांचा एकत्रित कार्यक्रम दिखाऊ उपचारापेक्षा, म्हणजे तुलनेसाठी केलेल्या उपचाराच्या निव्वळ देखाव्यापेक्षा, वेदनेच्या बाबतीत सरस ठरला नाही, हेही तितकेच खरे आहे. दोन्ही गोष्टी वाचकांसमोर यायला हव्यात. माझ्या समजुतीप्रमाणे हाताचा उपचार दुखणे थोडे शमवून व्यायामाची वाट मोकळी करतो, आणि निदान पक्के असेल तर तेवढ्यासाठी तो जरूर घ्यावा.

समग्र उपचार म्हणजे काय, तेही आमच्या घरात आता वेगळ्या रीतीने कळले आहे. भाऊजींच्या काठीचे उदाहरण घ्या. दुखणे उजव्या खुब्यात, म्हणून त्यांनी काठी उजव्या हातात धरली होती. ती डाव्या हातात देताच त्यांचे लंगडणे आमच्या डोळ्यांदेखत कमी झाले, कारण विरुद्ध बाजूची काठी पाऊल टाकताना खुब्यावरचा भार कमी करते. त्याला पैसे पडले नाहीत. वजन चार किलो उतरवणे, रात्रीची झोप सावरणे, ‘आपण आता कायमचे अधू’ ही धास्ती बोलून दाखवणे, हे सारे त्यातच येते. जाऊबाई संध्याकाळी त्यांच्या पाठीला कोमट तेल लावतात, त्यालाही डॉक्टरांनी हरकत घेतलेली नाही; फक्त सांधा ओढणे आणि पिळणे बंद झाले आहे.

संपादक महाशय, माझी विनंती दोन गोष्टींची आहे. उपचारपद्धतीवर लेख छापताना लेखकाचे शिक्षण आणि नोंदणी खाली छापावी, आणि कोणकोणत्या रुग्णांनी हा उपचार घेऊ नये हे त्याच पानावर यावे. पडल्यानंतर पायावर भार देता येत नसेल, ताप किंवा वजनातील घट सोबत असेल, रात्री विसावा घेऊनही दुखणे थांबत नसेल, पूर्वी कर्करोग किंवा हाडांचा ठिसूळपणा आढळला असेल, स्टेरॉइड दीर्घकाळ घेतले असेल, तर आधी अस्थिरोगतज्ज्ञ. तरुण मुलाला पहाटे कंबर ताठलेली आणि हालचालीने मोकळी होणारी असेल, तर संधिवाततज्ज्ञ. आणि लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा बसण्याची जागा बधिर झाली, तर त्याच घटकेला रुग्णालय.

त्यासोबत जांघ, खुब्याची बाहेरची बाजू आणि ढुंगणाची मागची बाजू अशा तीन जागा दाखवणारी एक साधी आकृती मोठ्या आकारात छापावी. ती छापून आल्यास मी तिच्या प्रती काढून आमच्या महिला मंडळात आणि नवरात्रापूर्वी गरब्याच्या सरावाला येणाऱ्या मुलींच्या आयांना वाटीन. भाऊजींची शस्त्रक्रिया पुढील महिन्यात ठरली आहे, त्याआधी आकृती आली तर पहिली प्रत त्या मालिशवाल्याला नेऊन देण्याचे त्यांनी स्वतःच कबूल केले आहे.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका,
दांडिया बाजार, बडोदे