त्या 'हो'बद्दल

बाळा,
अनेक आशीर्वाद.

परवा जेवताना तू म्हणालास, "मला कुणी विचारलं होतं का?" आणि ताट उचलून खोलीत निघून गेलास. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. गेले दोन दिवस मनात जुळवतेय. समोर बसून सांगायला घेतलं तर माझा गळा दाटेल, मग तूच मला पाणी आणून देशील आणि तुझा प्रश्न बाजूलाच राहील. म्हणून लिहिते आहे.

तुला दत्तक घेण्याआधी विचारलं होतं. विचारणं भागच होतं. परदेशातून मूल दत्तक घ्यायचं तर दोन्ही देशांनी कसं वागायचं हे ठरवणारा एक करार आहे, २९ मे १९९३ चा हेग करार. त्याच्या चौथ्या कलमात म्हटलंय की मुलाचं वय आणि समज बघून त्याला समुपदेशन मिळालं पाहिजे, दत्तक जाणं म्हणजे काय ते सांगितलं गेलं पाहिजे, त्याची इच्छा विचारात घेतली पाहिजे. आणि जिथे त्याची संमती लागते तिथे ती त्यानं मोकळेपणानं दिलेली असली पाहिजे, पैशाच्या किंवा कसल्याही मोबदल्याच्या बदल्यात मिळवलेली नसावी. तान्ह्या बाळाला कोण काय विचारणार? पण तू आठ वर्षांचा होतास. तुझ्या बाबतीत हे कलम एका खोलीत, एका टेबलाशी, माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

त्या दिवसाकडे येते. त्याआधी बुटांचं सांगते, नाहीतर तो 'हो' तुला नीट कळणार नाही.

तुला भेटायच्या आधी आमच्याकडे तुझे दोन फोटो आणि तुझा अहवाल होता. तब्येत, घरची माहिती, स्वभाव, उंची, वजन, पायाचं माप. सगळी मंजुरी हातात येईपर्यंत आम्हाला मध्येच येऊन तुला बघता येत नव्हतं. आमच्या घरी सोशल वर्कर किती वेळा येऊन गेल्या, किती कागद किती कचेऱ्यांतून फिरले, ते राहू दे. तो सगळा त्रास आम्ही आपण होऊन मागून घेतलेला होता. पण त्यात दिवस गेले आणि अहवालातलं माप तसंच राहिलं. संस्थेतले कपडे आणि बूट तिथेच ठेवून मूल निघतं, ते दुसऱ्याच्या कामी येतात. न्यायला येणाऱ्यांनी अंगावरचं सगळं आणायचं असतं. मी निळे बूट आणले होते. तुला नाडी बांधता येते की नाही माहीत नव्हतं, म्हणून वेलक्रोचे.

तू ते घातलेस. मी दुभाषीबाईंना म्हटलं, "बसतात का ते विचारा." तू मान डोलावून हो म्हणालास. मी परत विचारलं. परत हो. त्या दिवशी आपण खूप चाललो, दुसऱ्या दिवशीही. आम्ही भाड्यानं घेतलेल्या खोलीत तू बूट घालूनच झोपायचास. मला वाटलं, नवे बूट आवडलेत पोराला. तिसऱ्या रात्री तुला गाढ झोप लागल्यावर मी हळूच ते काढले. उजवा मोजा टाचेला चिकटला होता, सुटेना. कोमट पाण्याचा बोळा लावून लावून सोडवला, तर खाली चामडी सोलवटलेली. दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी. बाकीची बोटं आत दुमडून दुमडून एकमेकांवर चढलेली. आणि तीन दिवस तू एकदाही हूं की चूं केलं नव्हतंस.

मी तुझे पाय मांडीवर घेऊन तिथेच फरशीवर बसून राहिले. बाबांनी दिवा लावला आणि त्यांनाही काही बोलवेना. तेव्हा मला कळलं की तू सगळ्यालाच हो म्हणतोस. भूक लागली का, हो. पोट भरलं का, हो. थंडी वाजते का, हो. नाही ना वाजत, हो. मोठी माणसं काहीतरी विचारतात आणि 'हो' म्हटलं की विषय मिटतो, एवढं तू आठ वर्षांत शिकला होतास. मोठं मूल दत्तक घेणाऱ्यांना आधीच सांगून ठेवतात की पहिले काही आठवडे मूल फार शहाण्यासारखं वागेल, त्याला हनिमून पीरियड म्हणतात, त्यावर जाऊ नका. आम्हालाही सांगितलं होतं. मी वहीत लिहून घेतलं होतं. पण त्याचा अर्थ मला तुझ्या टाचेवर दिसला.

आता कोर्ट. काही आठवडे आपण तिघं एकत्र राहिल्यावर तारीख आली. न्यायाधीशबाईंनी आम्हा दोघांना मागच्या बाकावर बसायला सांगितलं, तुला आमचे चेहरे दिसू नयेत म्हणून. त्या स्वतः तुझ्या बाजूची खुर्ची ओढून बसल्या. त्यांनी तुला काय विचारलं ते दुभाषीबाई आम्हाला हलक्या आवाजात सांगत होत्या. ही माणसं कोण आहेत माहीत आहे का? त्यांच्याबरोबर गेलास तर विमानानं खूप लांब जायचं, तिथली भाषा वेगळी, इथले मित्र तिथे नसतील. तुला जायचं आहे का? नाही म्हणालास तरी कुणी रागावणार नाही.

माझे पाय थरथरत होते. तू हो म्हणशील याची मला खात्री होती, आणि भीतीही त्याचीच होती, कारण मी ते बूट पाहिले होते. आणि तू हो म्हणाला नाहीस. गप्प बसलास. टेबलाच्या कडेला एक खपली निघाली होती, ती नखानं उचकटत राहिलास. बाईंनी घाई केली नाही. मग तू मान वर करून त्यांनाच विचारलंस, "तिथे रात्री दिवा चालू ठेवतात का?"

न्यायाधीशबाईंनी आमच्याकडे बघितलं. बाबा उभे राहिले आणि मराठीतच म्हणाले, "ठेवू. रोज ठेवू." दुभाषीबाईंनी सांगितलं. मग तू हो म्हणालास.

म्हणजे, बाळा, विचारलं होतं, आणि तू उत्तरही दिलं होतंस. पण मी हे पुरावा म्हणून तुझ्यापुढे टाकत नाहीये. कधी विमान न पाहिलेल्या, आमच्या भाषेतले दहा शब्दही न येणाऱ्या मुलाला काय कळणार की तो कशाला हो म्हणतोय? तुझं गाव, तुझा पलंग, शेजारच्या पलंगावरचा तुझा तो मित्र, ज्याचं नाव तू आमच्याकडे आल्यावर कित्येक रात्री झोपेत घ्यायचास, हे सगळं त्या एका शब्दात सुटणार होतं. ते तुला कुणीही समजावू शकलं नसतं. कायद्याला तो 'हो' पुरला. मला नाही पुरला, आजही पुरत नाही. मला धीर देतो तो तुझा प्रश्न. बुटांच्या वेळी तू काहीच मागितलं नव्हतंस. त्या टेबलाशी तू पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी मागितलंस आणि मिळेल याची खात्री करून घेतलीस.

तुझं पहिलं 'नाही' यायला घरी आल्यावर सात महिने लागले. केस कापायला जायचं होतं. तू दाराला पाठ लावून उभा राहिलास आणि ओरडलास, "नाही!" अगदी मराठी 'नाही', 'ही' लांबवून. मी स्वयंपाकघरात जाऊन बाबांना फोन केला, "अहो, तो नाही म्हणाला." बाबा ऑफिसात मीटिंगमध्ये होते. त्यांना हसू की रडू झालं. त्या वर्षी तुझे बूट आम्ही तीनदा बदलले, इतका तू भराभर वाढत होतास, आणि दर वेळी दुकानात तू स्वतः बोट लावून बघायचास, पुढे जागा आहे का.

आणखी एक गोष्ट आहे. त्यात चूक माझी आहे. तुझी भाषा. आल्यावर तू एकटाच खिडकीत बसून तुझ्या भाषेत पुटपुटायचास. मला वाटायचं, ही सवय सुटली की मराठी लवकर येईल. शिक्षक शोधता आला असता, तुझ्या देशातलं कुणी माणूस शोधता आलं असतं. मी शोधलं नाही. वर्षभरात ते पुटपुटणं थांबलं आणि मला त्याचा आनंद झाला. नंतर मी वाचलं, तीन ते आठ वर्षांच्या वयात कोरियातून फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्या मुलांना मोठेपणी तपासलं, तर त्यांना कोरियन वाक्यं ओळखताच येईनात. २००३ सालचं संशोधन ते. बालहक्कांच्या १९८९ च्या करारात तर स्पष्टच लिहिलंय की मुलाची भाषा, धर्म, संस्कृती यांचा धागा तुटू नये याचा विचार व्हावा. तो धागा माझ्या हातात होता. मला माफ कर. थोडी आशा अशी की २०१७ मध्ये कोरियातून नेदरलँड्समध्ये दत्तक गेलेल्या मुलांवरचा अभ्यास आला. मोठेपणी कोरियन उच्चार शिकताना ती इतरांपेक्षा लवकर पुढे गेली, आठवत काहीच नव्हतं तरी. कुठेतरी खोल राहिलेलं असतं म्हणे. तुला शिकायची असेल तर आपण उद्या सुरुवात करू. मीही शिकेन.

तू हल्ली काय वाचतोस ते मला दिसतं. दक्षिण कोरियाच्या सत्य आणि समेट आयोगानं मार्च २०२५ मध्ये सांगितलं की तिथून परदेशी पाठवलेल्या कितीतरी मुलांचे कागद खोटे होते, आईवडील असलेल्यांना अनाथ दाखवलं होतं. नेदरलँड्सनं २०२१ मध्ये असंच काही बाहेर आल्यावर परदेशी दत्तक काही काळ थांबवलं. इथिओपियानं २०१८ मध्ये कायद्यानं बंद केलं, चीननं २०२४ मध्ये. २००४ च्या सुमारास जगात वर्षाला ४५ हजारांच्या आसपास मुलं अशी देशाबाहेर जात होती, आता त्याच्या दहाव्या हिश्शाइतकीही जात नाहीत. हे वाचून तुझ्या मनात शंका आली तर ती योग्यच आहे. माझ्याही मनात आली. तुला विचारायला मी घाबरत होते, तू मला विचारायला घाबरत होतास.

आणि लोकांचं बोलणं. "नशीब काढलं हो पोरानं." "केवढं पुण्य कमावलंत तुम्ही." हे तुझ्यादेखत बोललं गेलं आणि मी दर वेळी नुसती हसले. तेव्हाच गप्प करायला हवं होतं. आम्हाला मूल हवं होतं, म्हणून आम्ही आलो. तुझ्यावर उपकार करायला आलो नव्हतो. परवा तू ताट उचलून गेलास तेव्हा बाबा इतकंच म्हणाले, "बरं झालं बोलला." मलाही तसंच वाटतं. आठ वर्षांचा असताना तू असं बोलू शकला नसतास.

परवा रात्रीच मी तुझी फाइल काढली. तेव्हा वाचली होती ती घाईघाईत, कुठलं कलम, कुठला शिक्का, कुठे सही राहिली, एवढंच बघत. या वेळी सावकाश वाचली. तुझ्या जन्मदात्या आईच्या मृत्यूचा दाखला आहे. त्यामागे तुझ्या मावशीचा जबाब आहे. आईनंतर दीड वर्ष तू तिच्याकडे होतास. तिची स्वतःची मुलं होती, ती आजारी पडली, आणि तिनं तुला संस्थेत आणून दिलं. हे मी तुला पूर्वी सांगितलंय. जे सांगितलं नाही, कारण माझ्याच नजरेतून निसटलं होतं, ते त्या जबाबाच्या शेवटी आहे. सहीच्या वर एक ओळ आहे. भाषांतरात ती अशी: 'तो अंधारात घाबरतो, रात्री दिवा लागतो.'

इतकी वर्षं ती ओळ आपल्या कपाटात होती. पॅसेजमधला दिवा आपण रोज लावत होतो आणि तो तुझ्या मावशीनं सांगितला होता, हे मला ठाऊक नव्हतं.

फाइल तुझ्या टेबलावर ठेवली आहे. ते चौदावं पान आहे. मूळ कागद तुझ्या भाषेत, हातानं लिहिलेला. भाषांतर मागे टाचलंय. मावशीचा पत्ता आहे, जुना. ती माहिती नीट जपून ठेवणं हे तुझ्या देशावर त्याच हेग कराराप्रमाणे बंधनकारक आहे, आणि ती बघायला मिळावी म्हणून तिथल्या दत्तक प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. चार महिन्यांनी तू अठराचा होशील, मग त्यावर सही तुझीच लागेल. अर्ज मी छापून फाइलच्या मागच्या कप्प्यात ठेवलाय. त्यात काहीही भरलेलं नाही, तुझं नावसुद्धा नाही. भरायचा की नाही, कधी भरायचा, ते तू ठरव. तिकडे जायचं झालं तर आम्ही बरोबर यायचं का, हेही तूच सांग. नको म्हणालास तर विमानतळापर्यंत सोडायला तेवढं येऊ दे.

तुझी,
आई