काकू, 'नाउट' म्हणजे काहीच नाही

ती. काकूंना सा. न.

हे पत्र उघड्यावर लिहितेय, म्हणजे तुमच्याबरोबर आणखी चार जण वाचणार. रागावू नका. नाव कुठं घातलेलं नाही. इंग्लंडमधल्या लीड्सच्या मराठी मंडळींना नावाशिवायही कळेलच म्हणा, पण त्याला माझा इलाज नाही. संध्याकाळी सातच्या ठोक्याला भजनातून उठून घरी जाणाऱ्या तुम्ही एकट्याच होतात.

२००४ च्या ऑक्टोबरात मी इथं आले तेव्हा माझं इंग्रजी चांगलं आहे असा माझा समज होता. औषधांच्या एका दुकानात काउंटरवर काम मिळालं आणि तिसऱ्या दिवशी तो समज गेला. एक म्हातारे गृहस्थ टोपी हातात धरून विचारत होते, डॉक्टरनी माझ्यासाठी 'आउट' ठेवलंय का? मला वाटलं यांना बाहेर जायचंय. मी अदबीनं दार दाखवलं. ते बिचारे एकदा दाराकडं बघतात, एकदा माझ्याकडं.

त्याच्या पुढच्या आठवड्यात तर कहर झाला. एका बाईंना पुढची गोळी संध्याकाळी घ्या म्हणून सांगत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि खात्री करायला म्हणाल्या, म्हणजे 'नाउट वाईल टी'. त्यातलं मला 'टी' तेवढं कळलं. मी म्हटलं, चहाबरोबर घेतलीत तरी चालेल. मालक मागून धावत आले, बाईंना नीट समजावलं, आणि दुकान बंद करताना मला म्हणाले की आणखी महिनाभर बघू. त्यांचं चुकलं नव्हतं. औषधाच्या दुकानात 'मला वाटलं' चालत नाही.

दिवाळीच्या फराळाला तुमची गाठ पडली ती या अवस्थेत. चकली हातात तशीच धरून मी रडत होते आणि तुम्ही हसत होतात. तुमचं ते वाक्य मी अजून लोकांना सांगते: "अगं, तुला इंग्रजी येतंय की. यॉर्कशायरची बोली येत नाही. पुण्याच्या माणसाला सांगलीच्या एष्टी स्टँडवर सोड, त्याला तरी काय कळतंय? उद्यापासून सातला माझ्याकडं ये."

मला वाटलं पुस्तकं काढाल, वही काढाल. तुम्ही टीव्ही लावलात.

खरं सांगू? पहिले चार दिवस मी मनातल्या मनात तुम्हाला नावं ठेवली. हिरव्या टेकड्या, दगडी घरं, मेंढ्या, आणि एका दारूच्या गुत्त्यात जमून सगळं गाव एकमेकांची उणीदुणी काढतंय. 'एमरडेल' हे मालिकेचं नावसुद्धा मला धड घेता येईना. पण तुमची शिस्त मोठी कडक. जाहिराती लागेपर्यंत नुसत्या कानानं ऐकायचं. जाहिरातींनंतर टीव्हीवरच्या टेलिटेक्स्टचं ८८८ पान लावून पडद्याखाली येणाऱ्या संवादांच्या अक्षरांशी पडताळा घ्यायचा. आणि भाग संपला की कोण कुणाला काय म्हणालं ते मी तुम्हाला मराठीत सांगायचं. चुकले की चहा उशिरा.

महिन्याभरात गाठी सुटत गेल्या. नाउट म्हणजे काहीच नाही. आउट म्हणजे काही, काहीही. समट म्हणजे काहीतरी. टी म्हणजे संध्याकाळचं जेवण आणि डिनर दुपारचं. (हे आधी कळलं असतं तर एका घरी 'टी'ला बोलावलं तेव्हा आम्ही दोघं पोटभर जेवून गेलो नसतो.) आणि 'वाईल' म्हणजे पर्यंत. दुकान नऊ 'वाईल' पाच उघडं असतं. म्हणजे त्या बाई एवढंच म्हणत होत्या, संध्याकाळच्या जेवणापर्यंत काही घ्यायचं नाही ना? अगदी बरोबर म्हणत होत्या. शब्दाआधीचं 'द' हे लोक गिळतात, त्याची नुसती उचकी लागल्यासारखी ऐकू येते, हेही तुम्हीच दाखवलंत. आपल्याकडं नाही का 'आहे'चं 'हाय' होतं, म्हणालात. मालिकेतला झॅक डिंगल बोलायला लागला की तुम्ही आवाज वाढवायचात. "हा कळला की लीड्सात सगळे कळले." नोव्हेंबर संपता संपता ते टोपीवाले आजोबा परत आले, त्यांनी पुन्हा तेच विचारलं, आणि मी म्हटलं, आज नाउट, उद्या या. ते इतके खूश झाले की मला 'लव्ह' म्हणाले. ते इथं सगळ्यांनाच म्हणतात, बसचा ड्रायव्हरही म्हणतो, हेही तुमच्यामुळंच ठाऊक होतं म्हणून घरी भांडण झालं नाही.

नोकरी टिकली. आज त्याच दुकानात मी नव्या मुलींना काउंटर शिकवते. त्याबद्दल तुमचे आभार तेव्हाच मानायला हवे होते. पण तेव्हा मला वाटायचं, काकू टीव्ही बघतात आणि मी शेजारी बसते, यात मदत कसली?

पुढं कधीतरी तुम्ही तुमची गोष्ट सांगितलीत. १९७२ चा ऑक्टोबर. तुम्ही ब्रॅडफर्डच्या इस्पितळात परिचारिका, पाठोपाठ रात्रपाळ्या. दुपारी झोपेतून उठून भात टाकायचा आणि खोलीतल्या भाड्याच्या टीव्हीसमोर बसायचं. त्या महिन्याच्या १६ तारखेला 'एमरडेल फार्म' सुरू झालं, तेही दुपारच्याच वेळेला. लीड्सच्या यॉर्कशायर टेलिव्हिजननं केविन लॅफन यांच्याकडून लिहून घेतलेली, तेव्हा जेमतेम काही महिने चालेल अशा बेतानं काढलेली मालिका. पहिल्याच भागात बापाची अंत्ययात्रा आणि पाठोपाठ जमिनीचा तंटा. जेकब सग्डन गेला, आणि शेत ठेवून गेला थोरल्या जॅकच्या नावावर, जो घर सोडून कधीच निघून गेला होता. राबला होता धाकटा भाऊ. आई अ‍ॅनी दोघांच्या मधे. "मी भात खाली ठेवला," तुम्ही म्हणालात, "आणि म्हटलं, हे तर आपल्याच गावचे. नुसता सातबारा दाखवायचा राहिलाय."

त्या इस्पितळात तुम्हाला म्हाताऱ्या रुग्णांचं बोलणं कळत नव्हतं. मोठ्या सिस्टरला विचारायची भीती. तेव्हा मालिकेतल्या वूलपॅक पबचा तो गालमिशावाला एमस ब्रिअर्ली आणि त्याचे मिस्टर विल्क्स हे तुमचे मास्तर झाले. तुमच्या वेळी ८८८ पान नव्हतं आणि शेजारी सोफ्यावर काकूही नव्हती. हे ऐकल्यावर मला माझ्या चकलीवरच्या रडण्याची जरा लाज वाटली.

एका रविवारी तुम्ही आम्हाला एशोल्टला नेलंत. १९७६ पासून वीसेक वर्षं मालिकेचं गाव म्हणून हेच दिसायचं. त्याआधी थेट लिटनडेलमधलं आर्नक्लिफ होतं, पण ते लांब पडायचं. एशोल्टच्या पबवर वूलपॅकची पाटी बघून हे फोटो काढायला धावले, तर तुम्ही त्यांना अडवून म्हणालात, "पाटी खरी आहे, पब खरा आहे, पण मालिकेत आता हा नाही. मालिकेत जो आहे तो हेअरवूडच्या इस्टेटीत नवा बांधलाय, आणि तो खोटा आहे. आतलं सगळं तर लीड्सच्या स्टुडिओत. आता काढा कुठला काढायचा तो फोटो." त्यांनी तुमचा काढला. तो आमच्या फ्रिजवर आहे.

आपलं सगळ्याच बाबतीत पटायचं असंही नाही. मला मालिकेतली ती संकटं कधी झेपली नाहीत. १९९३ च्या ३० डिसेंबरला गावावर विमान पाडलं, पुढं वादळं झाली, घर कोसळलं, २०१५ मध्ये हेलिकॉप्टर येऊन पडलं. मुठीएवढ्या गावात एवढे अपघात, विमा कंपनीनं केव्हाच हात वर केले असते. विमानाच्या वेळी तर स्कॉटलंडमधल्या लॉकरबीवर खरंखुरं विमान कोसळलं त्याला जेमतेम पाच वर्षं झाली होती आणि लोक चिडले होते, तुम्हीही चिडला होतात. महिनाभर लावलं नाही म्हणालात. (एक महिना! मी तुम्हाला एक दिवस चुकवताना पाहिलेलं नाही.) पण बाजूही तुम्हीच घेतलीत: त्यामुळं बघणारे वाढले, नाहीतर ही मालिका तेव्हाच गुंडाळली असती. "दुष्काळात बैल विकावा लागतो बाई. हौस म्हणून कोण विकतंय?"

मला अजूनही वाटतं की बैल जरा जास्तच विकले. १९८९ मध्ये नावातलं 'फार्म' गेलं, नंतर एकेक करून शेतीच मागं पडत गेली. मेंढ्या दिसतात त्या कुणीतरी कड्यावरून पडायच्या आधी. अ‍ॅनी सग्डनच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून नुसतं दुधाच्या भावावर बोलणारी माणसं मी तुमच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटवर बघितली, तेव्हा कळलं तुम्ही कशाला चिकटून राहिलात ते. आणि एक कबूल करते. आपल्याकडच्या बहुतेक मालिका दोन-तीन वर्षांत संपतात, मग पुढं त्या माणसांचं काय झालं कुणालाच कळत नाही. इथं एरिक पोलार्ड १९८६ पासून आहे. लबाड होता, म्हातारा झाला, मऊ झाला, आता त्याचे हात थरथरतात. एकाच नटाला डोळ्यांसमोर असं पिकताना बघणं दुसऱ्या कुठल्या गोष्टीत मिळतं?

आता ज्यासाठी खरं तर लिहायला बसले ते.

२०१६ मध्ये वाईला बाबांना विसर पडायला लागला. मी रोज फोन करायचे आणि रोज विचारायचे, बाबा, मी कोण बोलतेय? ओळखलंत? कधी ओळखायचे, कधी गप्प व्हायचे, कधी चिडून फोन ठेवायचे. मी तुम्हाला काही बोलले नव्हते. त्या वर्षी मालिकेत अ‍ॅशली थॉमसला, त्या पाद्र्याला, तोच आजार दाखवत होते. डिसेंबरात एक भाग आला, सगळा त्याच्या नजरेतून. त्याच्या बायकोच्या जागी वेगळीच बाई, ओळखीच्या माणसांचे चेहरे परके, त्याला कळेना आपण कुणाच्या घरात आहोत. जॉन मिडलटन यांनी तो कसा केला ते मी सांगायला नको. जाहिराती लागल्या आणि मी उठून तुमच्या स्वयंपाकघरात गेले. तुम्ही मागून आलात, गॅस बंद केलात, आणि काय झालंय हे विचारलंच नाहीत. विचारलंत ते एवढंच: "बाबा की आई?"

मग सांगितलंत, चाळीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईनं सांगावं तसं, कोरडं. "त्यांची परीक्षा घेऊ नकोस. रोज नापास होतायत ते तुझ्याकडं. ज्या गावात ते असतील त्या गावात तू जा."

दुसऱ्या दिवशी फोन केला. बाबा म्हणाले, अक्का का? अक्का म्हणजे माझी आत्या, ती जाऊन बारा वर्षं झालेली. मी म्हटलं, हो, अक्का बोलतेय. तर म्हणाले, पाण्याची पाळी रात्रीची आलीय, कंदील भरून ठेव. मी म्हटलं, ठेवते. काकू, त्या दिवशी ते माझ्याशी पाऊण तास बोलले. कुठल्या वाफ्याला आधी पाणी द्यायचं, बांधावर कोण भांडायला येईल, आजोबांना काय सांगायचं आणि काय नाही. माझ्या जन्माआधीची सगळी गोष्ट. दोन वर्षं मी अक्का होते. एप्रिलमध्ये अ‍ॅशली गेला तेव्हा तुम्ही मला मुद्दाम बोलावलं नाहीत, हेही माझ्या लक्षात आहे. बाबा पुढच्या वर्षी गेले. त्यांच्यापासून तुटलेली मुलगी म्हणून मला त्यांना निरोप द्यावा लागला नाही.

याचे आभार कसे मानतात मला माहीत नाही. तुम्ही 'नाउट' म्हणून हात झटकणार, तेही माहीत आहे.

तुम्ही लेकीकडं दक्षिणेत राहायला गेलात त्याला आता दोन वर्षं झाली. तिकडं नीट इंग्रजी बोलतात म्हणून तुमची कुरकुर चालू आहे असं ताईंनी सांगितलं. सोफ्याची तुमची बाजू आमच्याकडं आली. हे तिथं बसतात आणि मधेच प्रश्न विचारतात, त्यामुळं निम्मा भाग वाया जातो. दुकानात नवी मुलगी आली आहे, नाशिककडची. तिला परवा 'समट' कळलं नाही. तिला सातला ये म्हणाले होते, पण वेळ बदललीय हे माझ्याच लक्षात राहिलं नाही.

हिवाळ्यात गुडघ्याला तेल लावत जा. ताईंना आणि नातवंडांना आशीर्वाद म्हणणार होते, पण ती आता माझ्याहून उंच आहेत.

आणि एक विनंती. त्या आयटीव्हीएक्स अ‍ॅपवर भाग सकाळीच येतो आणि तुम्ही चहाबरोबर तो बघून टाकता, हे मला कळलंय. मी कामावरून आल्यावरच बघते. गुरुवारी रात्री फोन करते. तोवर कोण मेलं ते सांगू नका.

तुमची,
औषधाच्या दुकानातली