आधी हात शेकणाऱ्या ताईंना

पुणे

ताई, सप्रेम नमस्कार.

मॅडेलुंगच्या आजारात मान, खांदे आणि पाठीच्या वरच्या भागावर दोन्ही बाजूंना सारखीच चरबी साठते. शर्टाचे वरचे बटण लागेनासे होते आणि सगळ्यांचे लक्ष तिथेच जाते. पण या आजारात पायांच्या नसाही बिघडतात. त्या पायांतल्या मुंग्यांची दखल तुमच्या टेबलावर, नसांचा वेग मोजणाऱ्या तपासणीत (नर्व्ह कंडक्शन) घेतली जाते, म्हणून हे पत्र.

डिसेंबरात सकाळी दुचाकीवरून आलेल्या पुणेकराचे हात गारठलेले असतात. त्वचेचे तापमान १ अंशाने उतरले, की नसेतून संदेश जाण्याचा वेग सेकंदाला साधारण २ मीटरने कमी दिसतो. हात ३२ अंशांखाली असेल तर तुम्ही यंत्राला हात लावत नाही. आधी शेक, मग कोरडे पुसणे, मग पुन्हा तापमान. बाहेर रांग कितीही कुरकुरो! घाई केली तर धडधाकट नसही आजारी ठरते. पोटरीवरच्या सुरल नसेसाठी घोट्यापासून १४ सेंटीमीटर तुम्ही टेपनेच मोजता, अंदाजपंचे नाही.

म्हणून तुमच्या आलेखावर भिस्त ठेवता येते. वेग जवळपास ठीक, पण नसेच्या प्रतिसादाच्या लहरींची उंची कमी, तीही दोन्ही पायांत: म्हणजे नसेचे आवरण नव्हे, आतला तंतूच झिजतोय. चरबी मानेवर आणि बिघाड पायाच्या बोटांत, तेव्हा ‘गाठ नस दाबतेय’ हे म्हणणे टिकत नाही. दारू पिणाऱ्या पुरुषांत हा आजार जास्त, म्हणून खापर सरसकट दारूवर फुटते. पण न पिणाऱ्यांतही तो आढळतो, आणि काहींत मायटोकाँड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांच्या) डीएनएतला ८३४४ क्रमांकाचा बदल सापडतो.

चरबी काढली की मुंग्या जातील, ही आशा तुमचा रिपोर्ट वेळीच आवरतो. श्वासाला किंवा मान वळवायला अडचण असेल तर शस्त्रक्रिया जरूर करावी. मात्र या चरबीला आवरण नसते, ती सोलून निघत नाही आणि पुन्हा वाढू शकते. भूल देणाऱ्यांना आधीच सांगावे लागते, कारण अशा मानेत श्वासनळीत नळी घालणे अवघड जाते.

जाताना तुम्ही बधिर पायांच्या रुग्णाला जे बजावता, त्याचेही आभार: तळपाय रोज रात्री आरशात बघा, आंघोळीच्या पाण्याचा अंदाज कोपराने घ्या, चतुःशृंगीच्या पायऱ्या भर दुपारी अनवाणी चढू नका.

मंगळवारच्या रुग्णाला अंगाला तेल न लावता आणि अंगठ्या काढून यायला सांगितले आहे. तेलकट त्वचेवर इलेक्ट्रोड नीट चिकटत नाहीत, ही तुमची तक्रार पोचली.

आपले,
तुमचे रिपोर्ट वाचणारे आम्ही सगळे